चष्म्यासह भिंगाचा वापर

चष्म्यासह भिंगाचा वापर म्हणजे दृष्टिदोषासाठी चष्मा लावणाऱ्या व्यक्तीने बारीक हस्तकाम करताना चष्मा न काढता त्याच्या जोडीने विशालक भिंग वापरणे होय. सोनारकाम, घड्याळदुरुस्ती, भरतकाम, रफू, पैठणी विणकाम, लघुचित्रण, नक्षीकाम आणि मोबाईल संचांची दुरुस्ती या कामांत ही गरज प्रामुख्याने भासते. चष्मा आणि भिंग यांची शक्ती एकमेकांत मिळत असल्याने कामाचे अंतर व मिळणारे विशालन दोन्हींवर अवलंबून असते. यामुळे आधी जवळचा चष्मा अचूक करून घेणे व नंतर भिंग निवडणे हा क्रम योग्य मानला जातो.

पार्श्वभूमी

मानवी डोळा नेत्रभिंगाचा आकार बदलून जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करतो. या क्षमतेला समायोजन शक्ती म्हणतात. वयाबरोबर नेत्रभिंग कठीण होत जाते व ही शक्ती घटते. साधारण चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सुईत दोरा ओवणे, बारीक अक्षर वाचणे जड जाऊ लागते. या अवस्थेस वृद्धदृष्टिता म्हणतात. मराठीत तिच्यासाठी लावल्या जाणाऱ्या चष्म्याला ‘चाळिशी’ हेच नाव रूढ आहे.

कारागिराच्या दृष्टीने ही अवस्था अडचणीच्या वेळी येते. हात सरावलेला असतो, कसब परिपक्व झालेले असते आणि नेमक्या त्याच वयात जवळचे दिसणे कमी होते. वाचनासाठी मिळणारा चष्मा साधारणपणे ४० सेंमी अंतर गृहीत धरून दिलेला असतो. बारीक काम मात्र अनेकदा २० ते ३० सेंमीवर चालते. त्यामुळे वाचनाचा चष्मा असूनही काम अस्पष्ट दिसते आणि भिंगाची गरज वाटू लागते.

प्रकाशशास्त्रीय तत्त्व

बहिर्वक्र भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. १०० ला डायॉप्टरच्या आकड्याने भागले असता नाभीय अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. दूरचा चष्मा लावून, डोळ्यावर ताण न देता डोळ्याजवळील भिंगातून पाहिल्यास वस्तू साधारण याच अंतरावर स्पष्ट दिसते. निरोगी डोळ्यासाठी सुस्पष्ट दृष्टीचे लघुत्तम अंतर २५ सेंमी मानलेले असल्याने विशालनाची तुलना त्या अंतराशी करतात.

| भिंगाची शक्ती (डायॉप्टर) | कामाचे अंतर, सुमारे | ताणरहित डोळ्यास मिळणारे विशालन | वेष्टनावर आढळणारा आकडा |
|---|---|---|---|
| +३ | ३३ सेंमी | ०.७५ पट | १.७५ पट |
| +५ | २० सेंमी | १.२५ पट | २.२५ पट |
| +७ | १४ सेंमी | १.७५ पट | २.७५ पट |
| +१० | १० सेंमी | २.५ पट | ३.५ पट |

शेवटच्या दोन स्तंभांतील फरक महत्त्वाचा आहे. वेष्टनावरील आकडा काढताना डोळा स्वतः आणखी चार डायॉप्टर समायोजन करील असे धरलेले असते. तरुण डोळ्यास ते शक्य होते. साठीच्या डोळ्यास होत नाही. म्हणून एकच भिंग वापरणाऱ्या दोन व्यक्तींना वेगवेगळे विशालन मिळते. +३ च्या भिंगाचे विशालन एकाहून कमी असले तरी ते निरुपयोगी नसते, कारण ज्या डोळ्यास २५ सेंमीवर मुळीच स्पष्ट दिसत नाही, त्याला ते ३३ सेंमीवर स्पष्ट प्रतिमा देते.

चष्म्याशी जुळवणी

द्विनाभीय भिंगे: द्विनाभीय चष्म्याच्या वरच्या भागातून दूरचे व खालच्या भागातून जवळचे दिसते. डोक्यावरील पट्ट्यात बसवलेले +५ चे भिंग वरच्या भागासमोर आल्यास काम सुमारे २० सेंमीवर धरावे लागते. खालच्या भागात +२.५ ची जादा शक्ती असेल, तर त्यातून पाहताना एकूण शक्ती ७.५ होते आणि अंतर सुमारे १३ सेंमीवर येते. काम करताना नजर या दोन भागांत वरखाली होत राहिल्यास प्रतिमा एकदा स्पष्ट, एकदा पुसट दिसते. भिंग सदोष असल्याचा समज पुष्कळदा यातूनच होतो. अशा कामासाठी एकाच शक्तीचा वेगळा चष्मा अधिक सोयीचा ठरतो.

निकटदृष्टिता: उणे ४ क्रमांकाचा चष्मा असलेल्या व्यक्तीस चष्मा काढल्यावर सुमारे २५ सेंमीवर विनासायास स्पष्ट दिसते. त्यामुळे अनेक निकटदृष्टी कारागीर बारीक कामाच्या वेळी चष्मा काढून ठेवतात. दोन डोळ्यांच्या क्रमांकांत मोठा फरक असल्यास मात्र एकच डोळा काम करतो व खोलीचा अंदाज चुकतो.

सिलिंडरचा क्रमांक: ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा क्रमांक असतो, त्यांना एका दिशेच्या रेषा दुसऱ्या दिशेच्या रेषांपेक्षा पुसट दिसतात. साधे भिंग हा दोष दूर करीत नाही. उलट पुसटपणाही मोठा करून दाखवते. त्यांनी भिंगाखाली चष्मा ठेवणे इष्ट असते. सूक्ष्मदर्शीतही केवळ साधा क्रमांक नेत्रिका फिरवून जुळवता येतो, सिलिंडरचा नाही.

भिंगांचे प्रकार

* दिव्याचे भिंग: टेबलाला जोडलेल्या हातावरील मोठे गोल भिंग. ते बहुधा +३ किंवा +५ शक्तीचे असते. चष्मा तसाच ठेवता येतो व दोन्ही डोळ्यांनी पाहता येते. भरतकाम व रफूसाठी सोयीचे.
* डोक्यावरील भिंग: कपाळपट्टीला जोडलेले. हात मोकळे राहतात. चष्म्यावरून बसेल इतकी आतली जागा असणे आवश्यक असते.
* चष्म्याला अडकवायचे भिंग: घड्याळजी व सराफ तारेने चौकटीला अडकवून ते एका डोळ्यासमोर आणतात. नको तेव्हा बाजूला सारता येते.
* हातातील दहापट भिंग: रत्नपरीक्षेसाठी. अंतर सुमारे २.५ सेंमी असल्याने हे पाहणीपुरतेच. त्याखाली हत्यार चालवता येत नाही. चष्म्यामुळे डोळा भिंगापासून दूर राहतो व दिसणारे क्षेत्र आकुंचित होते.
* दुर्बिणीच्या रचनेचे भिंग: शल्यचिकित्सक व दंतवैद्य वापरतात. विशालन मिळूनही ३५ ते ४५ सेंमी अंतर राखता येते आणि वापरणाऱ्याचा क्रमांक त्यातच बसवून घेता येतो. किंमत अधिक असते.

शक्ती वाढवली की अंतर, दिसणारे क्षेत्र आणि खोलीची मर्यादा ही तिन्ही घटतात. दहा सेंमीवर काम आणल्यास मान वाकते, दोन्ही डोळे फार आत वळवावे लागतात, सुईचा दोरा पूर्ण ओढता येत नाही आणि झाळकामाची ज्योत चेहऱ्याजवळ येते. त्यामुळे काम स्पष्ट दिसण्यापुरती सर्वांत कमी शक्ती निवडणे हितावह असते.

मावळ आणि लोणावळा परिसर

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लोणावळा, तळेगाव दाभाडे, वडगाव व कामशेत येथील बाजारपेठांत सराफ, शिंपी, घड्याळ व मोबाईल दुरुस्तीची दुकाने आहेत. लोणावळ्यात सुनील कंडल्लूर यांचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय आहे. मेणाच्या पुतळ्यात केस व भुवया एकेक करून सुईने रोवण्याची पद्धत असते. दीर्घकाळ जवळून पाहाव्या लागणाऱ्या कामाचे ते ठळक उदाहरण होय.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या महिन्यांत होतो. ढग आणि धुक्यामुळे या काळात खिडकीतील उजेड अपुरा पडतो. साठीच्या डोळ्याच्या दृष्टिपटलापर्यंत विशीच्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचत असल्याने ही उणीव ज्येष्ठ कारागिरांना अधिक जाणवते. पुष्कळदा भिंगाची शक्ती वाढवण्यापेक्षा कामावर तिरपा पडणारा दिवा अधिक उपयोगी पडतो. दमट हवेत चष्मा व भिंग यांच्यामध्ये श्वासाची वाफ साचते, तर जोडभिंगांच्या आत बुरशी धरू शकते. भिंगे कोरडी करून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

उत्पन्नावरील परिणाम

आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळीस व त्यावरील वयाच्या कामगारांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्या गटाची उत्पादकता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २१.७ टक्के अधिक वाढल्याचे त्यात आढळले. बांगलादेशातील २०२४ च्या अभ्यासात ३५ ते ६५ वयोगटातील, जवळची नजर लागणारी कामे करणाऱ्यांना चष्मे दिल्यावर त्यांचे मध्यक उत्पन्न सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक आढळले. दोन्ही अभ्यास भिंगांविषयी नसून साध्या जवळच्या चष्म्याविषयी आहेत. केवळ योग्य चष्म्याने किती फरक पडू शकतो, हे त्यांतून दिसते.

दक्षता

नेत्रतपासणीस जाण्यापूर्वी नेहमीच्या बैठकीत डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर मोजून ते सांगितल्यास कामाचा चष्मा त्यानुसार देता येतो. उदाहरणार्थ, समायोजन जवळजवळ संपलेल्या व्यक्तीस ३० सेंमीवरील कामासाठी दूरच्या क्रमांकात सुमारे +३.२५ ची भर लागते.

भिंग किंवा साधा चष्मा हे संरक्षक चष्म्याला पर्याय नाहीत. धातूची कपची उडणाऱ्या कामात स्वतंत्र संरक्षण आवश्यक असते. उन्हात उघडे राहिलेले भिंग किरण एकवटून आग लावू शकते, म्हणून ते झाकून ठेवावे लागते. वारंवार अधिक शक्तीचे भिंग लागू लागणे हे मोतीबिंदूचे किंवा मधुमेहामुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकाराचे लक्षण असू शकते. सरळ रेषा वाकडी दिसणे किंवा नजरेच्या मध्यभागी डाग दिसणे या तक्रारींत भिंग न बदलता त्वरित नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. काचबिंदूत मध्यवर्ती नजर बराच काळ चांगली राहत असल्याने बारीक काम नीट जमते, म्हणून डोळे निरोगी आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही.

हे सुद्धा पहा

* वृद्धदृष्टिता
* बहिर्वक्र भिंग
* साधा सूक्ष्मदर्शी
* पैठणी
* लोणावळा