मोटेवरचें यंत्रशास्त्र

वाशीम, मंगरूळपीर, रिसोड या बाजूच्या बागाइती विहिरींवर पंप येण्यापूर्वीं मोट चालत असे. बैल धावेवरून खालीं उतरत, नाडा चाकावरून ताणला जाई आणि भरलेली मोट वर येई. या साध्या देखाव्यांत यंत्रशास्त्राचे मोठे धडे सामावलेले आहेत. विहिरीवरील चाक बैलांचें ओझें कमी करीत नाहीं. तें केवळ ओढीची दिशा बदलतें. ओझें हलकें होतें तें धावेच्या उतारामुळें. सहा फूट चालण्यांत एक फूट उतार असला, तर बैलांच्या वजनाचा सहावा हिस्सा मोट ओढण्याच्या कामीं येतो. ही सवलत मात्र फुकटची नव्हे. रिकामी मोट विहिरींत सोडीत मागें चढतांना बैलांना ती फेडावी लागते.

हा हिशेब भावी इंजिनियरांना कोणत्या भाषेंत व कोणत्या रीतीनें शिकवावा, हा प्रश्न महाराष्ट्रांत सुमारें दोनशें वर्षांचा आहे. मुंबई इलाख्याच्या इंजिनियर दलांतील जॉर्ज जर्विस या अधिकाऱ्यानें १८२० नंतरच्या दशकांत मुंबईंत इंजिनियर संस्था चालविली. मोजणी व बांधकाम यांसाठीं एतद्देशीय तरुण तयार करणें हा तिचा हेतु होता. आधीं इंग्रजी व मग शास्त्र, हा लांबचा वळसा जर्विस यांना मान्य नव्हता. गणितावरील पुस्तकें त्यांनीं मराठींत सिद्ध केलीं. १८३३ सालीं हरि केशवजी यांचें पदार्थविज्ञानावरील मराठी पुस्तक निघालें. शब्दांची वाण नव्हती. तरफ, टेकू, कप्पी, पाचर, मळसूत्र हे शब्द सुतार-लोहारांच्या तोंडीं होतेच. त्यांना शास्त्राच्या आसनावर बसविणें एवढेंच काम उरलें होतें.

पुढें वाद पेटला. १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळांत जर्विस यांनीं देशी भाषांची बाजू घेतली, तर अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनीं इंग्रजीची. उच्च शिक्षण अखेर इंग्रजीकडे गेलें.

१८५४ सालीं पुण्यांत ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालें. इमारती, धरणें, कालवे, रेल्वे व पूल यांच्या कामांसाठीं दुय्यम अधिकारी तयार करणें हें त्याचें उद्दिष्ट. पुस्तकी वर्ग आणि यंत्रविद्या हीं त्याच्या नांवांतच शेजारीं बसलीं होतीं. १८६६ सालीं तें मुंबई विद्यापीठास जोडलें गेलें. १८८३ सालीं तेथूनच विश्वेश्वरय्या उत्तीर्ण झाले. इंग्रजींतून शिकूनहि थोर इंजिनियर निपजले, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु शास्त्राची भाषा एक आणि कामाची भाषा दुसरी अशी फाळणी झाली. सूत्र पाठ करणाऱ्यास त्यांतील कप्पी दिसेना, आणि कप्पी फिरविणाऱ्यास सूत्र कळेना.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०२१ सालीं मराठीसह देशी भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली. जर्विस यांचा प्रश्न अशा रीतीनें पुन्हां दारीं आला आहे. केवळ भाषांतरित ग्रंथांनीं तो सुटणार नाहीं. वाशीमच्या विद्यार्थ्याला बलांचा समांतरभुज चौकोन शिकवितांना गुरुजींनीं त्याला आधीं जुन्या विहिरीच्या धावेवर उभें करावें, उतार मोजावयास लावावा आणि मगच फळ्यावर सूत्र लिहावें. तें सूत्र मग परकें वाटणार नाहीं.