जोडगोळीची कुळकथा

आमचे अप्पा जिना चढताना मधेच थांबायचे. छातीवर पंजा टेकवून खिशातली इवलीशी गोळी जिभेखाली ठेवायचे आणि दोन-तीन मिनिटांनी पुढची पायरी चढायचे. शिवाय रोज सकाळी न्याहारीनंतर दोन वेगळ्या गोळ्या असत. एकाच दुखण्याला इतक्या गोळ्या कशाला, हे कोडं मला फार उशिरा सुटलं.

या दुखण्याची ओळख पटवली लंडनच्या डॉ. विल्यम हेबर्डन यांनी, १७६८ मध्ये. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर छाती आवळते, थांबलं की मोकळी होते, हे त्यांनी नेमकं टिपलं. नाव दिलं अंजायना पेक्टोरिस, म्हणजे छातीतली घुसमट. औषध मात्र हाती नव्हतं.

१८४७ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केलं. ते स्फोटक होतं आणि जिभेला लागलं तरी डोकं ठणकायचं. हेच द्रव वापरून पुढे आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवलं. दरम्यान १८६७ मध्ये लॉडर ब्रंटन यांनी एडिंबरामध्ये अमाइल नायट्राइट हुंगायला देऊन छातीची कळ शमवून दाखवली, पण तो आराम अल्पकाळच टिके. मग लंडनच्या विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनच्या एक टक्का द्रावणाच्या बाटलीचं ओलं बूच जिभेला लावलं. थोड्याच वेळात मान, डोकं, सारं अंग धडधडू लागलं. घाबरून न जाता त्यांनी तो प्रयोग स्वतःवर पुन्हा पुन्हा केला, मग रुग्णांना औषध दिलं आणि १८७९ मध्ये निष्कर्ष छापले. जिभेखालच्या गोळीचं कूळ हे असं बारुदखान्यातलं. १८९६ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, खुद्द नोबेल यांनाही डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिलं.

पण त्यात दोन उणिवा होत्या. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरला की शरीर तो सावरायला नाडी पळवतं, म्हणजे आधीच दमलेल्या हृदयाचं काम वाढतं. शिवाय शरीराला या औषधाची सवय होते. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणके, आठवड्यात दुखणं विरे आणि सुट्टीनंतर पुन्हा उठे. म्हणूनच नायट्रेट, म्हणजे नायट्रोग्लिसरीनच्या जातीची औषधं, देताना दिवसातले काही तास, बहुधा रात्रीचे, मोकळे ठेवतात.

या उणिवांवरचा उतारा वेगळ्याच वाटेने आला. हृदयाला जास्त रक्त पुरवण्याऐवजी त्याची गरजच कमी केली तर? स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक या विचाराच्या मागे लागले आणि १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल पुढे आलं. हे बीटा ब्लॉकर अॅड्रेनलिनची हाक हृदयापर्यंत पोचू देत नाही, ठोके संथ ठेवतं. यासह इतर शोधांसाठी ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

उणीव याही औषधात होती. संथ हृदयात रक्त अधिक भरतं, ते थोडं फुगतं आणि त्याच्या भिंतींवर ताण येतो. नायट्रेट शिरा सैल करून हृदयाकडे परतणारं रक्त कमी करतं आणि तो ताण उतरवतं. उलट नायट्रेटने उधळू पाहणारी नाडी बीटा ब्लॉकर आवरतं, रात्रीच्या मोकळ्या तासांतही पहारा देतं. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं, म्हणून ही जोडी.

प्रत्येक जोडी मात्र जुळत नाही. बीटा ब्लॉकरसोबत व्हेरापामिल हे हृदयाचं दुसरं औषध घेतलं तर ठोके धोकादायक संथ होऊ शकतात, नायट्रेटवर लैंगिक दुर्बलतेसाठीचं सिल्डेनाफिल घेतलं तर रक्तदाब कोसळू शकतो. बरं वाटतंय म्हणून बीटा ब्लॉकर मनानेच एकदम सोडलं, तर कळ दुप्पट जोराने उलटू शकते. जोडी जमवणं आणि मोडणं, दोन्ही डॉक्टरांच्याच हाती हवं.

अप्पांच्या सकाळच्या त्या दोन गोळ्या म्हणजे खरोखरीची जोडगोळी होती. खिशातली गोळी ऐन वेळेला धावून येणारी; या दोघी ती वेळ शक्यतो येऊच नये म्हणून रोज राबणाऱ्या.