तेलही गेलं, तूपही गेलं

मागच्या वैशाखात पुतण्याच्या लग्नासाठी दोंडाईच्याला गेलो होतो. मुहूर्त अकराचा. नवरदेव सकाळी सहाला आरशासमोर उभा राहिला तो आठ वाजले तरी तिथंच. अंगणात बँडवाल्यांचा दुसरा चहा झाला, घोडीवाल्याचा तिसरा. शेवटी वडीलधारा म्हणून मला आत पाठवण्यात आलं. पाहतो तर आरशाखालच्या फळीवर पाच डब्या-बाटल्या मांडलेल्या. एकीत मेण, एकीत चक्क माती, एकीत पांढरी भुकटी, एक फवारा आणि एका बाटलीत समुद्राचं खारं पाणी! दोंडाईच्याहून समुद्र गाठायचा तर सुरतेची गाडी धरावी लागते. इथं तो बाटलीत बसून घरी आला होता.

“अरे, चाललंय काय?”

“नॅचरल लुक करतोय, काका.”

“म्हणजे?”

“म्हणजे केसांना काही लावलेलंच नाही असं दिसलं पाहिजे.”

“मग लावू नकोस.”

त्यानं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर आता केसांपेक्षा आठवणीच जास्त आहेत, तेव्हा त्या नजरेत दया होती. “न लावता तसं दिसत नाही, काका,” तो म्हणाला.

हे वाक्य ऐकून मी खाटेवर बसलो. माणसाच्या डोक्याचा अख्खा इतिहास पोरानं सहा शब्दांत सांगून टाकला होता.

आमच्या लहानपणी ही भानगड नव्हती. केसांना लावायचं ते तेल आणि ते लावलंय हे चार घरांवरून दिसलं पाहिजे, असा दंडक होता. कपाळावर ओघळ आला की आईचं समाधान होई. कोरड्या डोक्याचा मुलगा म्हणजे एकतर आजारी, नाहीतर ज्याच्याकडे बघायला घरी कोणी नाही असा. खानदेशात नारळाचं झाड नाही, तरी खोबरेल घरोघर. थंडीत ते बाटलीत थिजून बसे. मग बाटली चुलीजवळ नाहीतर अंगणातल्या उन्हात ठेवायची आणि ती पातळ होईपर्यंत शाळेला उशीर. ‘तेल वितळलं नाही’ हे कारण आमच्या गुरुजींनी दोनदा मान्य केलेलं मला आठवतं. त्यांच्याही घरी तीच बाटली होती.

त्या तेलाची मजल कुठवर गेली ते पाहा. पुढं पत्र्याच्या डब्यांतून ते प्लास्टिकच्या बाटल्यांत आलं. आज निळी बाटली म्हटलं की पॅराशूट आणि त्या मॅरिको कंपनीचा एक कारखाना आमच्या जळगावलाच आहे. पण प्लास्टिक आलं तेव्हा दुकानदार ते ठेवून घेईनात. म्हणाले, उंदीर कुरतडतात. आधीच्या एका प्लास्टिकच्या बाटलीनं त्यांना हा धडा दिला होता. ती होती चौकोनी. चौकोनाच्या कोपऱ्यावर उंदराचा दात नीट बसतो आणि बाहेर तेलाचा ओघळ असला तर त्याला आमंत्रणच. मग पॅराशूटनं बाटली गोल केली, ओघळ येणार नाही अशी केली आणि उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून खात्री करून घेतली. हर्ष मारीवाला यांनी स्वतः ही हकिगत सांगितली आहे. थोडक्यात, आपल्या डोक्यावर काय पोचायचं याचा निकाल काही काळ उंदरांच्या हातात होता.

तेलकट डोकं हे फक्त आपलंच लक्षण, असं समजून आपण उगाच लाजतो. साहेबाचं पाहा. लंडनच्या रोलंड यांचं ‘मॅकॅसर तेल’ एकोणिसाव्या शतकात विलायतेत इतकं खपलं की पुरुषांच्या डोक्याचे डाग खुर्च्यांच्या पाठीवर उमटू लागले. गृहिणी हैराण झाल्या. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर रुमाल टाकायला सुरुवात केली आणि त्या रुमालाचं नावच पडलं अँटिमॅकॅसर, म्हणजे मॅकॅसर-प्रतिबंधक. आता जरा आठवा. आपल्याकडे प्रत्येक मध्यमवर्गीय सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल असत. मोठ्या ताईनं मॅट्रिकनंतर विणलेले, पाहुणा आला की सरळ करायचे. ती शोभा आहे असं आम्ही समजत होतो. मुळात ती तेलाविरुद्धची तटबंदी होती.

त्याआधीचा साहेब तर याहून भारी. अठराव्या शतकात तो टोपावर पांढरी भुकटी घाली. ही भुकटी म्हणजे मुख्यतः गव्हाचा स्टार्च, आपली खळ. १७९५ साली पंतप्रधान पिटला लढाईसाठी पैसे हवे होते. त्यानं भुकटी लावणाऱ्यावर वर्षाला एक गिनी कर बसवला. कर भरणाऱ्यांना लोक ‘गिनी पिग’ म्हणू लागले, बाकीच्यांनी डोकं झटकलं आणि भुकटीची फॅशन बसली. एकट्या करानं ती बसवली असं नाही, ती उताराला लागलीच होती. पण नैसर्गिक केसांना सरकारी प्रोत्साहन मिळालं ते असं. मला याची गंमत वाटते, कारण दोंडाईच्याची मिरची जशी प्रसिद्ध तसा मक्यापासून स्टार्च काढणारा कारखानाही गावाला आहे. तो १९७० च्या दशकात आला. पावणेदोनशे वर्षं आधी आला असता तर पिटनं कर वसुलीसाठी थेट वरवाड्याच्या नाक्यावर माणूस बसवला असता! आणि पुन्हा गंमत म्हणजे आज ‘ड्राय शाम्पू’ म्हणून जो विकतात त्यात बहुधा तांदळाचा नाहीतर मक्याचा स्टार्चच असतो. तो केसांतलं तेल शोषतो. खळ फिरून डोक्यावर आली आहे. फक्त कर आता जीएसटी म्हणून भरायचा.

शाम्पूवरून आठवलं. हा शब्द आपणच साहेबाला दिला. चांपणं, चंपी यांतला. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी विलायतेत ब्रायटनला वाफेच्या स्नानाचं आणि मालिशीचं दुकान थाटलं आणि चौथ्या जॉर्ज राजाचे ‘शाम्पू सर्जन’ झाले. त्यांचा शाम्पू म्हणजे अंग रगडणं. साबणानं केस धुणं हा अर्थ मागाहून चिकटला. म्हणजे शब्द तेलाबरोबर गेला आणि परत आला तो तेल काढायला!

तेलाच्या बाजूनं उभं राहिलेलं सर्वात मोठं नाव मात्र बंगालचं. एच. बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ तेलाच्या जाहिरातीसाठी कथास्पर्धा काढली. अट एकच, कथेत तेलाचं नाव सहज यावं. १८९६ साली बक्षीस मिळालं ते एका निनावी कथेला. त्या कथेत कलकत्त्यावर येणारं वादळ अचानक नाहीसं होतं. कारण? बोटीवरच्या एका प्रवाशानं खवळलेल्या समुद्रात कुंतलीनची बाटली ओतलेली असते. लेखक होते जगदीशचंद्र बोस. वनस्पतींच्या संवेदनांवर काम करणारे तेच! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं ज्या तेलानं समुद्र बसवला, त्या जातीच्या तेलानं माझ्या डोक्यावरचा एक भोवरा कधी बसला नाही, ही गोष्ट वेगळी.

तेलाला पहिला खरा धक्का दिला तो ब्रिलक्रीमनं. १९२८ साली बर्मिंगहॅमला निघालेली ही क्रीम. तेल आणि पाणी एकत्र घुसळून मेणानं बांधलेलं. म्हणजे तेलच, पण शिकलेलं. दुसऱ्या महायुद्धात विमानदलाच्या पोरांना ‘ब्रिलक्रीम बॉईज’ नाव पडलं. पुढं जाहिरातीत झळकला डेनिस कॉम्प्टन. हा कॉम्प्टन लढाईच्या दिवसांत हिंदुस्थानात होता आणि १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून त्यानं मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढल्या होत्या. होळकर हरले, पण भांग गाजला. मग आपला फरोख इंजिनिअर आला. यष्टीमागे उभा राहणारा, दिवसभर उठाबशा काढणारा माणूस आणि त्याचे केस जाहिरातीत मात्र जागच्या जागी.

ते पाहून आमच्या पिढीचं डोकं फिरलं. पण क्रीमला पैसे कुठले? एका मित्रानं शोध लावला की साखरेचं दाट पाणी लावलं तर केस फिल्मस्टारसारखे उभे राहतात. शाळेचा ग्रूप फोटो होता. मी दोन चमचे साखर चोरली, कपाळावर झुलप उभारली आणि ती खरोखर पत्र्यासारखी राहिली. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला आणि मुंगळे माझ्या डोक्यात. फोटोत सगळे समोर बघताहेत, मी एकटा आकाशाकडे. घरी तो फोटो अनेक वर्षं ‘हा लहानपणापासून विचारी होता’ याचा पुरावा म्हणून दाखवला जाई.

आणि मग मी शिकायला पुण्याला गेलो. १९७० चं दशक. कान झाकणारे, कोरडे, वाऱ्यावर उडणारे केस. पडद्यावर बच्चन, कॉलेजात सगळेच. नैसर्गिक दिसण्याची ही आमच्या वेळची लाट. आणि त्या लाटेत मी दोंडाईच्याहून एस.टी.नं उतरलो तो आईनं निघताना चोपडलेल्या डोक्यानिशी. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, “चंपू!” वर्ग हसला. मीही हसलो. संध्याकाळी होस्टेलच्या नळाखाली कपडे धुण्याच्या साबणानं तीन वेळा डोकं धुतलं. आईनं ट्रंकेत दिलेली बाटली वर्षभर तशीच राहिली. थंडीत गोठली, उन्हाळ्यात वितळली, झाकण उघडलं नाही. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईनं केसांत बोटं घातली आणि विचारलं, “डोकं कोरडं कसाले ठेवस रे?” मी म्हणालो, आता तशी पद्धत आहे. तिनं हात काढून घेतला. त्यानंतर तिनं कधी तेलाची वाटी आणली नाही. मीही मागितली नाही. त्या वेळी मला तो विजय वाटला.

असो. सांगत होतो पुतण्याचं. पोरगा तसा अभ्यासू. त्यानं मला सगळं समजावलं. केस ओले झाले की त्यांच्या आतले काही नाजूक बंध सुटतात आणि वाळताना नव्यानं जुळतात. म्हणून वळण द्यायचं ते ओलसर असताना. हवा दमट झाली की ते बंध पुन्हा बिघडतात. हे मात्र मला ठाऊक होतं. १७८३ साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं माणसाच्या केसावर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्रच केलं होतं, कारण ओलाव्यानं केस लांबतो. म्हणजे मुंबईत ज्याचे केस बिघडतात तो निष्काळजी नसतो, तो वेधशाळा असतो.

निवडीचेही नियम आहेत. पातळ केसांना भुकटी, ती मुळाशी चिमूटभर. तेलकट काही लावलं तर ते बिचारे झोपतात. जाड, राठ केसांना मेण नाहीतर माती. कुरळ्यांना जेल, पण केस ओले असताना, आणि नंतर कंगवा लावायचा नाही. काहीही घ्यायचं ते वाटाण्याएवढं. तळहातांवर चोळून दिसेनासं करायचं, सुरुवात मागून करायची, कपाळाकडे येईपर्यंत हाताला जेमतेम उरलं पाहिजे. “बहुतेक लोक चुकतात ते इथं, काका. पुढून सुरुवात करतात.” मला साखरेचं पाणी आठवलं.

“आणि ही माती कसली?”

“क्ले. बेंटोनाइट. चमक येऊ देत नाही.”

डबीवरची किंमत पाहून मला घाम फुटला. बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज आणि त्याच कुळातली खनिजं आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीत ठासून भरलेली असतात. म्हणून तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. आमची आजी शेतातल्या मातीनंच केस धुवायची, फुकट. खानदेशातला शेतकरी ढेकळं फोडून दमला आणि त्याच मातीची चुलतबहीण इथं डबीत बसून नवरदेवाच्या डोक्यावर निघाली.

अखेर साडेआठला पोरगा सज्ज झाला. खरोखर, काही लावलेलं दिसत नव्हतं. नुकतंच झोपेतून उठून देखणा झाल्यासारखा. तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. माझी आई. नव्वदी ओलांडलेली, नजर मंदावलेली, हातात वाटी. लग्नातल्या तेल चढवण्यातलं उरलेलं तेल, शकुनाचं. निघण्याआधी नातवाच्या टाळूवर थेंब टेकवायचा होता.

खोलीत सगळे गप्प झाले. अडीच तासांची मेहनत आणि एक थेंब! मी पोराकडे पाहिलं. तोंडावर आलेलं ‘आजी, नको’ मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, कारण ते मी एकदा म्हटलं होतं. पण पोरगा क्षणभर आरशाकडे बघून वाकला. चांगला खाली वाकला, तिचा हात पोचेल इतका. तिनं थेंब नव्हे, ओंजळीत मावेल तेवढं टाळूवर घातलं आणि नेहमीसारखं थापटलं. मधला सगळा भाग चप्प बसला. तो सरळ उभा राहिला, कंगव्याकडे हात गेला आणि परत आला. तसाच घोडीवर बसला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्याची टाळू कंदिलासारखी चमकते आहे.

वरात हलली. आई वाटीत बोट फिरवत होती. तळाशी थोडं राहिलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं.

“तुले बी लाऊ का?”

लावायला डोक्यावर काही उरलेलं नाही, हे तिला दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मी तिच्यासमोर पाटावर बसलो.