कुजबुजीचा धंदा आणि त्याची किंमत : लक्ष्मीकांतन खटला (१९४४-४७)

नटनट्यांच्या खासगी आयुष्याची चर्चा मोबाइलमुळे वाढली, असे आपण मानतो. पण १९४० च्या दशकातील मद्रासमध्ये हा एक चालता धंदा होता. तो कसा चाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या टिपणात पाहू.

धंद्याचे स्वरूप
सी. एन. लक्ष्मीकांतन 'सिनेमा तूदु' हे तमिळ साप्ताहिक चालवत. कलावंतांच्या भानगडी हा त्याचा मुख्य मजकूर. पैसा दोन बाजूंनी येई. वाचक अंक विकत घेत. आणि आपल्याविषयी काही छापून येऊ नये म्हणून काही कलावंतही पैसे देत, असे सांगितले जाते. खप वाढला की भीती वाढे, भीती वाढली की वसुली. अभियांत्रिकीत याला आपण पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो. या चक्राला लागणारी ऊर्जा वाचक पुरवत होता.

घटनाक्रम
लोकप्रिय गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन आणि दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांनी गव्हर्नरकडे तक्रार केली. साप्ताहिकाचा परवाना रद्द झाला. लक्ष्मीकांतन यांनी 'हिंदू नेसन' हे दुसरे पत्र हाती घेऊन तसाच मजकूर छापणे सुरू ठेवले. ८ नोव्हेंबर १९४४ रोजी वेपेरी भागात रिक्षातून जाताना त्यांच्यावर चाकूहल्ला झाला; दुसऱ्या दिवशी ते मरण पावले.

पुढे या तिघांवरही खटला चालला. नायडू सुटले, भागवतर व कृष्णन यांना १९४५ मध्ये जन्मठेप झाली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. त्यानंतर १९४७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फेरसुनावणीत दोघांना निर्दोष ठरवले. खुनी कोण, हे सिद्ध झालेच नाही.

परिणाम
भागवतर तुरुंगात असताना त्यांचा 'हरिदास' मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात चालूच होता. १९४४ ला लागलेल्या या चित्रपटाने तिथे तीन दिवाळ्या पाहिल्या. सुटकेनंतर कृष्णन पुन्हा पडद्यावर स्थिरावले. भागवतर यांना मात्र पूर्वीचे यश परत मिळाले नाही. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष
या प्रकरणात संपादकाचा जीव गेला आणि दोन कलावंतांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. वाचकाने मोजली ती फक्त अंकाची किंमत.

स्वाध्याय : कोणाच्या खासगी आयुष्याविषयी आपण अलीकडे पुढे पाठवलेला एक संदेश आठवा. त्यातून कोणाला फायदा झाला आणि झळ कोणाला बसली, ते लिहा.