वन्समोअर : बुधवार पेठेतील एका रात्रीची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र एका रॉक मैफलीला गेलो. चौघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे, चौघेही एकेकाळी एकाच वर्गात मराठीचे एम. ए. केलेले. आमच्यातल्या एकाच्या मुलीने तिकिटे काढून दिली होती आणि 'निदान एकदा ऐका, मग बोला' अशी प्रेमळ ताकीदही दिली होती. गाणारी मंडळी 'इंडी' म्हणवणारी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावाचून स्वतःची गाणी स्वतः लिहून, बांधून गाणारी. पुण्याला हा प्रकार आता नवा नाही. 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा अशा संगीताचा महोत्सव २०१० साली पुण्यातच सुरू झाला. नवे होते ते आम्ही.

शहराबाहेरच्या त्या मैदानावर बसायला खुर्ची नव्हती. आवाज कानांपेक्षा छातीत अधिक जाणवत होता. परंतु लक्षात राहिल्या त्या दोन गोष्टी. गायकाने मध्येच थांबून माइक समोर धरला, तेव्हा हजारो मुलामुलींनी ते कडवे एकही शब्द न चुकता पुरे केले. आणि त्याच वेळी त्यांतल्या बहुतेकांच्या हातात मोबाइल उंच धरलेला होता. ती रात्र कोणालाही हातची जाऊ द्यायची नव्हती. दहाच्या ठोक्याला सारे शांत झाले.

परतताना एका मित्राच्या बुधवार पेठेतल्या घरी चहासाठी थांबलो. जोगेश्वरीच्या बाजूने चालत असता त्याने निकाल देऊन टाकला, "गर्दी उत्तम होती, गाणे मात्र नव्हते." यावर दुसरा म्हणाला, "याच पेठेत कोणीतरी शाकुंतलाबद्दलही असेच म्हटले असेल." वाद तेथेच थांबला, पण त्या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही. त्याचाच हा पाठपुरावा.

३१ ऑक्टोबर १८८०. वार रविवार, दिवाळी तोंडावर आलेली, अमावास्या दोन दिवसांवर. बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाटकगृहात त्या दिवशी 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. पहिला म्हणायचा, पण नाटक पुरे नव्हते. सातांपैकी चारच अंक तयार होते, तेवढेच करून दाखवले. संपूर्ण नाटक रंगभूमीवर यायला पुढचे वर्ष उजाडावे लागले. कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर तेव्हा सदतीस वर्षांचे, सरकारी कचेरीत नोकरी करणारे गृहस्थ. पुण्यात पारशी मंडळींचे 'इंद्रसभा' पाहून त्यांना संगीत नाटकाची ओढ लागली, असे सांगितले जाते. संस्थानिकाच्या पदरी राहून नव्हे, तर तिकीट काढून येणाऱ्या लोकांच्या भरवशावर हा डाव मांडायचा होता. आजच्या भाषेत बोलायचे तर ही मंडळीही 'इंडी'च.

त्यांनी केलेला बदल आज आपल्याला बदल वाटत नाही, एवढा तो रुळला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनच्या आख्याननाटकांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. पद तो म्हणे आणि पात्रे त्यानुसार अभिनय व भाषण करीत. किर्लोस्करांनी पदे पात्रांच्याच तोंडी दिली. दुष्यंताचे दुःख दुष्यंतानेच गायचे, ही कल्पना त्या प्रेक्षकाला नवी होती. साकी, दिंडी, कीर्तनातल्या व लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणाची गाणी, हिंदुस्थानी रागदारी, जे कानांवर पडले होते ते सारे त्यांनी घेतले आणि कालिदासाच्या नाटकात दोनशेच्या आसपास पदे घातली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला ती खिचडीच वाटली असणार. बाळकोबा नाटेकर आणि मोरोबा वाघोलीकर यांच्यासारखे गळ्याचे गडी मिळाले, म्हणून ती लोकांच्या जिभेवर राहिली.

त्या काळी पुण्यात वीज नव्हती, ध्वनिवर्धक नव्हता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तो फुप्फुसांच्या बळावर. आणि तो पोचला आहे, पटला आहे, हे कळवण्याची प्रेक्षकाजवळ एकच खूण होती, 'वन्समोअर'. हा शब्द इंग्रजीचा खरा; पण मराठी नाटकगृहात त्याला जो अर्थ आला तो आपला स्वतःचा. पसंतीचे पद पुन्हा म्हणायला लावायचे, पुन्हा म्हणताना गायकाने निराळी जागा घेतली की तिसऱ्यांदा मागायचे. पुढे या हौसेपायी नाटके पहाटेपर्यंत लांबू लागली. प्रयोग किती वाजता संपणार, हे नाटककार व प्रेक्षक मिळून ठरवीत. संगीत नाटकाचे अर्धे कर्तेपण प्रेक्षकाकडे जाते, असे मी वर्गात शिकवीत आलो आहे; त्याचा अर्थ मला त्या मैदानावर, मुलांनी कडवे पुरे केले तेव्हा, प्रथमच नीट कळला.

आता प्रश्न त्या उंच धरलेल्या मोबाइलांचा. आमच्या मित्राला त्यांचाच राग अधिक आला होता. "ऐकायचे सोडून टिपत काय बसतात?" तक्रार खोटी नाही. परंतु किर्लोस्कर मंडळीचा इतिहास समोर ठेवला की त्या मुलांची धास्ती समजू लागते. १८८२ साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर कंपनीत आले. 'भावड्या' या घरगुती नावाने उभा महाराष्ट्र त्यांना ओळखे. त्यांच्या गळ्याबद्दल ज्यांनी लिहिले, त्यांनी हात राखून लिहिलेले नाही. अण्णासाहेब १८८५ साली गेले. भाऊराव १९०१ साली. आणि ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गाइसबर्ग हिंदुस्थानातली पहिली ध्वनिमुद्रणे करायला कलकत्त्यात उतरला तो १९०२ च्या अखेरीस. अवघ्या पावणेदोन वर्षांची चुकामूक! मराठी रंगभूमीच्या पहिल्या मोठ्या गळ्याचा एक सूरही आज आपल्यापाशी नाही.

मग भाऊराव आपल्यापर्यंत आले कसे? ते आले ऐकणाऱ्यांच्या तोंडून. कोणी आठवणी लिहिल्या, कोणी नातवाला सांगितले, कोणी त्या जागा स्वतःच्या गळ्यातून काढायचा यत्न केला. ऐकून परतताना चार मित्र वाटेत जे बोलले, भांडले, गुणगुणले, तेच त्या रात्रींचे दप्तर. आपण गायकांचा इतिहास लिहितो, ऐकणाऱ्यांचा लिहीत नाही. वस्तुतः पहिला दुसऱ्यावर उभा आहे.

यंत्र आल्यावर तरी सगळे हाती लागले का? बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका सुदैवाने उपलब्ध आहेत. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. नाटकगृहात थिरकवा खाँसाहेबांच्या तबल्याबरोबर आणि कादरबक्षांच्या सारंगीबरोबर एकेक पद वन्समोअर घेत किती लांबत असेल, त्याचा अंदाज त्या तीन मिनिटांवरून येत नाही. तबकडीत सूर राहिला. पुन्हा मागणारा प्रेक्षक राहिला नाही. मोबाइलमधल्या चित्रफितीचेही काहीसे तसेच होणार. तीत आवाज असेल, शेजारी उभा असलेला मित्र नसेल.

दहाच्या ठोक्याचेही तसेच. त्याबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद केले. काही ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत ठेवली. आजारी माणसाची झोप गाण्याहून मोठी आहे, हे मान्यच. पण भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही शेवटची रात्र उजाडेपर्यंत चाले, आणि ती प्रथा आता उरलेली नाही. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला, थंडीत, मित्राच्या शालीचे टोक ओढून घेत ऐकलेली आमची पिढी बहुधा शेवटची. त्या गर्दीने जागवलेल्या रात्री आता आमच्या आठवणीतच आहेत, आणि आम्ही त्या कोठेही लिहून ठेवलेल्या नाहीत.

त्या रात्री चहा झाल्यावर आम्ही पुन्हा खाली आलो. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्ता बराचसा रिकामा. आनंदोद्भव नाटकगृह आज नाही. याच गल्ल्यांतून १८८० सालच्या त्या रात्री काही माणसे कंदिलाच्या उजेडात घरी परतली असतील. कोणी डोलत, कोणी नाक मुरडत, आणि कोणी नुकतीच ऐकलेली चाल आठवून पाहत. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ती बोलली, म्हणून मात्र शाकुंतल राहिले.

'गाणे नव्हते' असे म्हणणारा आमचा मित्र पुढे चालत होता. कोपऱ्यावर वळताना तो काहीतरी गुणगुणत असल्याचे माझ्या ध्यानात आले. मुलांनी पुरे केलेले तेच ते कडवे होते. शब्द त्याला आठवत नव्हते, चाल मात्र बरोबर होती. मी काही बोललो नाही. दुसऱ्याने मात्र मागून हळूच आवाज दिला, "वन्समोअर!"