बडोद्याच्या सोन्याच्या तोफा

तोफ लोखंडाची असो वा पंचरसी धातूची, तिचे मोल तिच्या माऱ्यावरून ठरते. बडोद्याच्या गायकवाडांनी मात्र एकोणिसाव्या शतकात चांदीच्या आणि सोन्याच्या तोफा ओतविल्या. शत्रूवर डागण्यास त्या निरुपयोगी होत्या. रयतेच्या संसारावर मात्र त्यांचा मारा अचूक बसला.

खंडेराव महाराज १८५६ साली गादीवर आले. मल्लविद्या, शिकार आणि जडजवाहीर यांचा त्यांना विलक्षण शौक. ब्राझीलच्या खाणीतील ‘स्टार ऑफ द साउथ’ हा विख्यात हिरा त्यांनी खरेदी केला. १८६५ च्या सुमारास लक्षावधी मोत्यांनी मढविलेला गालिचा करविला. हा पैसा आला कोठून? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि त्यांबरोबर शेतसाराही चढला. १८६५ साली युद्ध संपून भाव कोसळले. साऱ्याचे ओझे मात्र राहिले. तेजीचे उत्पन्न कायमचे मानून खर्च आखणे, ही उधळपट्टीची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी मल्हाररावांनी गाठली. १८७० साली गादीवर येताच बंधूंच्या चांदीच्या तोफांवर मात करण्यासाठी त्यांनी सोन्याच्या तोफा घडविल्या. राज्यारोहणाचा नजराणा रयतेवर बसविला गेला. राज्याची तिजोरी आणि राजाचा खिसा यांत भेद उरला नाही. १८७३ साली कर्नल मीड यांच्या आयोगापुढे गाऱ्हाण्यांची रांग लागली. पुढे रेसिडेंटावरील विषप्रयोगाच्या आरोपाविषयी चौकशी आयोगाच्या सहा सभासदांत एकमत झाले नाही; तरीही १८७५ साली इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले, ते गैरकारभाराचे कारण देऊन. परक्याच्या हाती हे शस्त्र दरबाराच्या उधळपट्टीनेच दिले होते.

त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे सयाजीराव दत्तक आले. दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभाराची विस्कटलेली घडी बसविली. वैभवाचा सोस सर्वस्वी संपला असे नव्हे. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला तो याच कारकिर्दीत. परंतु त्याच राज्याच्या पैशातून १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ साली ते संस्थानभर लागू झाले.

खंडेरावांचा गालिचा २००९ साली दोहा येथे लिलावात विकला गेला. अमरेलीच्या मुलांनी गिरविलेली अक्षरे कोणालाही लिलावात काढता आली नाहीत.