दुसरा पाय कुठे गेला?

निरोगी माणसाचे दोन्ही गुडघे चालताना सारखेच हलतात, असं आपण गृहीत धरतो. डॉक्टरही दुखऱ्या गुडघ्याची तुलना दुसऱ्या गुडघ्याशी करतात. पण हे सारखेपण कुणी मोजून ठरवलं, असं विचारत मागे गेलं की एक गंमत दिसते. बराच काळ ते मोजलंच गेलं नव्हतं.

1836 साली विल्हेल्म आणि एडुआर्ड या वेबर बंधूंनी चालण्याच्या यंत्रणेवर जर्मन भाषेत एक ग्रंथ लिहिला. पुढे जाणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपल्याच वजनाने झुलतो, असं त्यांचं म्हणणं. दोन पाय म्हणजे दोन सारखे लंबक, मग फरक पडेलच कसा? हिशेब सुटसुटीत होता आणि लोकांना पटलाही.

मग आले पॅरिसचे एत्येन-ज्युल मारे. 1882 मध्ये त्यांनी शहराच्या कडेला एक प्रयोगस्थळ उभारलं आणि चालत्या माणसाच्या अनेक क्षणांची छबी एकाच काचेवर टिपायला सुरुवात केली. अडचण अशी की दोन्ही पायांच्या प्रतिमा एकमेकांवर चढून सगळा गुंता व्हायचा. मारेंनी तोडगा काढला: माणसाची एक बाजू पांढऱ्या कपड्यात, दुसरी काळ्या कपड्यात, आणि मागे काळा पडदा. काळा पाय अंधारात विरून गेला. पुढे त्यांनी पूर्ण काळा पोशाख चढवून कॅमेऱ्याकडच्या हातापायांवर फक्त चमकत्या पट्ट्या लावल्या. गुडघा कधी वाकतो, कधी सरळ होतो, हे त्या रेषांच्या पंख्यासारख्या चित्रात लख्ख दिसतं. चित्रं इतकी देखणी आहेत की हा अर्धाच माणूस आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मारेंचा यात दोष नाही, त्यांना गुंता सोडवायचा होता. पण अर्ध्या माणसावरून पूर्ण माणूस समजला असं मानण्याची सवय तेव्हापासून लागली असावी, असं मला वाटतं.

दुसरा पाय उजेडात आणला लाइपझिगच्या विल्हेल्म ब्राउनं आणि ओटो फिशर यांनी. 1891 च्या जुलै महिन्यात, रात्रीच्या अंधारात, एका माणसाच्या अंगावर दोन्ही बाजूंना विजेच्या झोताने चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या. चार कॅमेरे लावले. नळ्या बांधण्यातच कित्येक तास गेले, प्रत्यक्ष चालणं मात्र काही पावलांचं. एका प्रयोगात त्या माणसाच्या पाठीवर सैनिकी सामानही दिलं होतं, कारण त्या काळी चालीचा अभ्यास म्हणजे शिपायाच्या कूचीचाही अभ्यास. ब्राउनं पुढच्याच वर्षी वारले. फिशर एकटे आकडेमोड करत राहिले आणि 1895 ते 1904 या काळात त्यांनी सगळा निकाल छापला. लंबकाची कल्पना त्यात मोडीत निघाली: झुलणाऱ्या पायातही स्नायू काम करत असतात. आणि स्नायू आले की सवय आली, ताकद आली, डावं-उजवं आलं.

आज आपल्याला माहीत आहे की टाच टेकल्यावर गुडघा साधारण 15 ते 20 अंश वाकतो, मग जवळपास सरळ होतो आणि पाय पुढे नेताना सुमारे 60 अंशांपर्यंत वाकतो. निरोगी माणसात डाव्या-उजव्याचा हा आलेख एकाच घडणीचा असतो, पण तंतोतंत एक नसतो. काही अंश इकडे-तिकडे होतातच. 2000 साली हैदर सादेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. निरोगी चालीतला हा फरक बिघाड नसून कामाची वाटणी असावी, असं त्यांनी मांडलं: एक पाय तोल सांभाळण्याकडे जास्त झुकतो, दुसरा पुढे ढकलण्याकडे. सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही, पण मला ते वाचून इब्न सीना आठवले.

इब्न सीना (980–1037) यांच्या ‘अल-कानून फित्तिब’ची ‘कुल्लियात’ आपल्या युनानी कॉलेजांत आजही शिकवली जाते. तिथे ‘मुअतदिल’ म्हणजे समतोल मिजाज समजावताना ते एक भेद करतात. वैद्याचा समतोल म्हणजे तराजूची दोन पारडी वजनाने सारखी असणं नव्हे. हा शब्द ‘अदल’वरून, वाटपातल्या न्यायावरून घ्यायचा, म्हणजे ज्या अवयवाला जेवढं हवं तेवढं मिळणं. विषय मिजाजाचा आहे, गुडघ्यांचा नाही. उगाच त्यांना चालीचे शास्त्रज्ञ ठरवू नये, असली ओढाताण आपल्याकडे फार चालते. पण शब्दाची ही फोड इथे चपखल बसते. आपल्या कोकणातल्या शाफई घरांत रुकूनंतर सरळ उभं राहण्याला ‘एतदाल’ म्हणतात, तोही याच धातूचा. आणि त्याच नमाजीत पुढे बसताना डावा पाय अंथरलेला आणि उजवा पंजा उभा असतो. दोन्ही गुडघे वाकलेले, पण दोन्ही पायांचं काम वेगळं.

शाळेच्या कवायतीत एखाद्या मुलाचं पाऊल जरा वेगळं पडलं की बाकीची मुलं त्याला ‘लंगड्या’ म्हणून मोकळी होतात, आणि कधी कधी शिक्षकही. गुडघा दुखत असेल, चाल अचानक बदलली असेल, तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं. पण जो मुलगा वर्षानुवर्षं तसाच चालतो, धावतो, जिने चढतो, त्याला आधी विचारा: दुखतं का रे?